साती आसरा आणि माझे सात दगड

एम. एस्सी.च्या प्रबंधात मला एकच गोष्ट दाखवायची होती: वितळलेला खडक थंड होताना जड स्फटिक आधी तयार होतात आणि तळाशी बसतात. पन्नासच्या दशकात पुण्याजवळच्या चिखलीला एक नवी विहीर खोदली जात होती. तिथं काळ्या पाषाणाचा एकच जाड थर वरपासून खालपर्यंत उघडा पडला होता. वेगवेगळ्या खोलीवरचे सात दगड मी फोडून घेतले, त्यांवर खोलीच्या चिठ्ठ्या डकवल्या, मालकाच्या ओट्यावर ओळीनं मांडले आणि पुण्याला गेलो. वहीत नोंद केली नाही. आळस, दुसरं काय!

चार दिवसांनी आलो, तर विहिरीला पाणी लागलेलं. माझे दगड काठावर, धुतलेले, शेंदूर फासलेले!

"तू साती आसरा मांडून गेलास, म्हनून तर पानी लागलं," मालकाची आई कौतुकानं म्हणाली. साती आसरा म्हणजे पाण्याच्या सात देवी.

"आजी, चिठ्ठ्या कुठायत?"

"त्या व्हय? गेल्या भिजून."

मला रडायचंच बाकी होतं. विहिरीत दोन पुरुष पाणी, पुन्हा दगड काढणार कसे? वजनावरून क्रम लावता आला असता; पण जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं ही शुद्ध लबाडी. मोह झाला, हे कबूल करतो.

विहीर खोदणारा वडार तिथंच गूळ-खोबरं खात बसला होता. माझ्या सिद्धांताशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्यानं एकेक दगड हातोडीनं वाजवला, कडा अंगठ्यानं चाचपल्या आणि सातही ओळीनं लावले.

"ह्यो वरचा, लगीच फुटला. ह्यानं माज्या दोन छिन्न्या खाल्ल्या, ह्यो तळाचा."

"चुकत तर नाही ना?"

"सा म्हैने ह्याच्यासंगं भांडलोय, राव!"

आजीनं देवी नेऊ द्यायला साफ नकार दिला. हात जोडल्यावर प्रत्येकीच्या पाठीचा एकेक टवका मिळाला.

कॉलेजात त्यांच्या पातळ चकत्या घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. तळाच्या दगडात ऑलिव्हिनचे जड, हिरवट कण दाटलेले होते, वर येता येता ते विरळ होत गेले. चौथ्यात थोडी गडबड होती, ती तशीच लिहिली. माझा जीव भांड्यात पडला.

'क्रम विहीर खोदणाऱ्याच्या सांगण्यावरून' ही तळटीप मार्गदर्शक सर खोडतील, अशी मला धास्ती होती. त्यांनी ती दोनदा वाचली आणि तशीच ठेवली.

"त्यांचं नाव का नाही लिहिलंस?" एवढंच त्यांनी विचारलं.

मला ते ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि चिखली गाठली.