रोखलेला श्वास

चौकातल्या फ्लेक्सवर श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे आहेत आणि भास्करदादांचा लहान. तोही आधार कार्डावरचा, दचकलेला. कबड्डीच्या मैदानातला त्यांचा फोटो आमच्यापैकी कुणाकडेच निघाला नाही.

याच मैदानाच्या कडेला लहानपणी आम्ही मातीत बसायचो. दादा चढाईला शिरले की आम्हीही श्वास रोखायचो आणि ते मधल्या रेषेला परत येईपर्यंत सोडायचो नाही. आपण सोडला तर दादा पकडले जातील, अशी आमची पक्की समजूत होती.

कालच्या शोकसभेत जो तो हीच आठवण सांगत डोळे पुसत होता. शेवटची काही वर्षं दादा दम्यानं घरातच पडून होते. दोन गल्ल्या पलीकडं एकेका श्वासासाठी झगडत होते. तिकडं आमच्यातलं कुणी फिरकलं नाही.

मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं. एक मिनिटही झालं नसेल, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबांना पुढं जायचंय, आवरा."

आम्ही आवरलं. दादांची बायको तेवढी डोळे मिटून उभी राहिली, आणि तिच्या आजूबाजूला आम्ही खुर्च्या सरकवत होतो.