ताईचा जबाब

ताईच्या आवाजाची डेपोत दहशत होती. "पुढे सरका" असं तिनं एकदा म्हटलं की बसमधली माणसं सरकायचीच, पण ड्रायव्हरही आपल्या सीटवर नकळत जरा पुढे होऊन बसायचा. अंगानं आडवी, पायात पुरुषी बूट, खांद्याला तिकिटाचं मशीन. कुणी दारात लटकलं तर ती ओरडत नसे. त्याच्याकडे नुसती बघायची आणि विचारायची, "घरी वाट बघणारं कुणी आहे का?" माणूस मुकाट्यानं आत यायचा.

अशी ही कंडक्टरीण घरी धाकटीचा विषय निघाला की मात्र लहान पोरीसारखी गाल फुगवून बसायची.

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. ती जन्मली तेव्हा घरात मुलगा झाला म्हणून आनंदीआनंद झाला होता. जन्मदाखल्यावरही तसंच लिहिलं गेलं, आणि पुढे कित्येक वर्षं सगळे तिला मुलगाच म्हणत आले. बाबा गेल्यानंतर एके दिवशी तिनं आईला आणि ताईला समोर बसवलं आणि सांगितलं, मी मुलगा नाही, कधीच नव्हते. आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "मग ते केस तरी नीट विंचर. झिपऱ्या काय ठेवल्यास?" झालं. त्या दिवसापासून आई तिची वेणी घालायला लागली.

तिथेच सगळं बिनसलं.

नातेवाइकांना वाटायचं, ताईला लाज वाटते. काका तर एकदा मुद्दाम येऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुझी कुचंबणा कळते गं मला. चारचौघांत तोंड कसं दाखवायचं!" ताईनं त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. चारचौघांत तोंड दाखवणं ही तर तिची नोकरीच होती. लाज कसली डोंबलाची? तिचा जळफळाट होत होता, जळफळाट!

तिचं गाऱ्हाणं सरळ होतं. धाकटीला मुलगा समजत होते तोवर मुलाचं सगळं तिला मिळालं. खिडकीजवळचा पलंग तिला, सायकल तिला, दुधावरची साय तिला, बाबांच्या खांद्यावर बसून फिरणं तिलाच. ताईच्या वाट्याला भांडी, पाणी भरणं आणि "तू मोठी आहेस ना?" हे एक वाक्य. तिच्या हक्काचं असं एकच काही होतं. कुणी घरी आलं की आई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "ही माझी एकुलती एक लेक." त्या एवढ्याशा गोष्टीवर ताईनं अख्खं लहानपण रेटून नेलं होतं. आता त्यातही वाटेकरी!

आणि वाटेकरी तरी साधीसुधी? धाकटी दात करायची. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या पुरवणाऱ्या एका लॅबमध्ये ती दिवसभर मेणात आणि प्लॅस्टरमध्ये हात घालून बसलेली असायची. आईच्या तोंडातली कवळी तिनंच केलेली. पूर्वी आई हसताना तोंडावर हात घ्यायची. आता दिसेल त्याला दात दाखवायची. "बघा, धाकटीनं केलेत. पांढरेफटक नाही केले, हिरडीजवळ जरा पिवळट ठेवलेत, खऱ्यासारखे." ताईनं ड्युटीवरून येताना पेरू आणावेत, कापून पुढे ठेवावेत, आणि आईनं ते कराकरा चावत धाकटीचं कौतुक करावं. ताईला वाटायचं, उठावं आणि तो पेरू परत घ्यावा.

त्यात धाकटीला मोठ्या हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये पक्की नोकरी लागायची वेळ आली. अट एकच, सगळे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. बाकीचे तिनं खेटे घालून बदलून घेतले होते. मूळ जन्मदाखला तेवढा राहिला होता. तिथे अजून 'पुरुष' होतं.

जन्मनोंदणीच्या कचेरीची एक पद्धत होती. तो रकाना बदलायचा तर डॉक्टरांचे कागद आणि अर्जदाराची सही एवढ्यावर भागत नसे. घरातल्या वयानं मोठ्या माणसानं येऊन तोंडी जबाब द्यायचा. लिहून आणलेला चालत नसे. समोर बसून बोलायचं आणि कारकुनानं शब्दाला शब्द टाइप करायचं. आईच जाणार होती. पण ती बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि पलंगाला खिळली. राहिली ताई.

"येशील ना गं?" धाकटीनं विचारलं.

"ड्युटी बघावी लागेल," ताई म्हणाली.

ड्युटी तिनं एकदा बघितली, परत बघितली, आणि दोन्ही वेळा ती जमली नाही. शेवटी कचेरीनं अखेरची तारीख दिली. त्यापुढे हॉस्पिटल थांबणार नव्हतं. धाकटी नुसती आईच्या पायथ्याशी बसून राहिली. बोलली ती आई.

"जा की गं. तू मोठी आहेस ना?"

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. जाते, तिनं ठरवलं. जाते, खुर्चीत बसते आणि 'मला काही आठवत नाही' एवढंच सांगून उठते. एवढ्यानं अर्ज बाद झाला असता. कुणी तिला खोटारडीही म्हणू शकलं नसतं. निदान सरकारदरबारी तरी आईची एकुलती एक लेक तीच राहिली असती. हा हलकटपणा आहे, हे तिला कळत होतं. पण दुखऱ्या दातावर पुन्हा पुन्हा जीभ फिरवावी तसं तिचं मन तिथेच जात होतं.

कचेरी म्हणजे एक लांबलचक खोली, भिंतीला लोखंडी कपाटं आणि पाण्याच्या टाकीला साखळीनं बांधलेला पेला. कारकूनबाई बारकी होती, तिला सपाटून सर्दी झाली होती. तिनं दोघींना समोर बसवलं आणि नाक पुसत धाकटीला बजावलं, "अर्जदारानं मध्ये तोंड घालायचं नाही. जबाब यांचा आहे."

धाकटीनं मान हलवली. तिची वेणी आईनं पडल्यापडल्या घातली होती. चांगली तिरकी झाली होती, पण तिला तीही शोभत होती. ताईनं तिकडे बघायचं टाळलं.

"नातं?"

"मोठी बहीण."

"अर्जदाराचं लहानपणापासूनचं काय आठवतं तुम्हाला?"

ताईनं घसा साफ केला. "मला काही..."

"नाही आठवत? तसंही लिहिता येतं." कारकूनबाईनं चष्मा वर सरकवला. "होतं असं. मी धाकटीच आहे घरात, मला माहितीये. थोरल्यांना सगळं आयतं मिळतं. धाकट्यांकडे त्यांचं लक्ष असतं कुठे?"

ताई खुर्चीत ताठ झाली.

"आयतं? मला?" बसमधला आवाज कचेरीत घुमला. पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचकला, त्याच्या हातातली फाइल पडता पडता राहिली. "लिहा. लिहाच तुम्ही. माझा एक निळा फ्रॉक होता. बाहीला झालर. तो हिनं पळवला. कपाटामागं जाऊन घालायची. मी पकडलं तर म्हणते कशी, मला नीट बसतो. आणि बसायचाच हो! माझ्या अंगावर गोणपाट दिसायचा तो. हिच्या अंगावर नुसतं बघत राहावंसं वाटायचं. मी आईला सांगितलं नाही. का? आई हिलाच छान म्हणाली असती!"

कारकूनबाईची बोटं चालू होती. "पुढे?"

"पुढे काय, माझ्या क्लिपा. माझं नेलपॉलिश, ते अख्खं संपवलं. घर घर खेळताना आई मी व्हायचं ठरलेलं. मोठी मी, बाहुली माझी! दोन मिनिटांत ही आई आणि मी भाजीवाला. दर वेळी! ही आत बसून बाहुली झोपवतेय, आणि मी दारात 'भाजी घ्याऽ भाजी' करून बोंबलतेय. हा माझा आवाज असा उगाच नाही झालेला."

"तुलाच ओरडायला आवडायचं!" धाकटीला राहवलं नाही.

"अर्जदार!" कारकूनबाईनं बोट उगारलं.

"बघा, आताही मध्येच!" ताई म्हणाली. "असंच चालायचं आमच्या घरी. ही मध्ये बोलली तर चालतं, आणि मी बोलले की आगाऊ. शाळेत नाटक होतं. राणी पाहिजे होती. मुलींचा अख्खा वर्ग बसलाय, आणि सरांनी उभं कुणाला केलं? हिला! म्हणे, चाल बघा काय डौलदार आहे. मी काय करत होते? पडदा ओढत होते. दोरीनं हात सोलवटले माझे. लोक टाळ्या वाजवतायत, आणि मी त्या पडद्याआड उभी राहून देवाला म्हणतेय, अडखळू दे हिला. एकदाच अडखळू दे."

"अडखळली?"

"छे! ती कुठली अडखळतेय!"

कारकूनबाई शिंकली, रुमाल शोधला, आणि पुन्हा कळफलकावर हात ठेवत तिनं विचारलं, "म्हणजे तेव्हापासूनच तुम्हाला ही बहीण वाटायची?"

"वाटायची म्हणजे?" ताई भडकली. "अहो, भावावर कुणी असं जळतं का? भावाला सायकल आणली तर राग येतो, घरच्यांचा येतो. तो वेगळा. ही आरशासमोर मान वळवून बघायची ना, तेव्हा माझ्या पोटात जे दुखायचं, ते..."

ती थांबली. कळफलक थोडा वेळ एकटाच टकटकत राहिला, मग तोही थांबला. धाकटी मान खाली घालून बसली होती. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, पण तोंड घालायचं नाही म्हणून तिनं हुंदकासुद्धा दिला नव्हता.

छापलेला कागद कारकूनबाईनं ताईपुढे ठेवला. "वाचून बघा. एकदा सही झाली की झाली. काही मागं घ्यायचं असेल तर आत्ताच."

ताईनं वाचलं. फ्रॉक होता, भाजी होती, नाटक होतं. तिचं सगळं दुखणं टाइप होऊन आलं होतं, आणि त्यात तिला हवं होतं ते 'आठवत नाही' कुठेच नव्हतं. अजूनही वेळ होती. कागद सरकवून उठली असती तर कुणी अडवलं नसतं. तिनं पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.

"ते 'बघत राहावंसं वाटायचं', तेवढं काढता येईल?"

"एक शब्द काढला तरी सगळा जबाब पहिल्यापासून द्यावा लागेल."

"परत?" ताईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी डोळे पुसत होती, आणि नाक लाल झालं असूनही मेली देखणीच दिसत होती. "नको. राहू दे," ताई म्हणाली, आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही केली.

जिन्यात धाकटीनं तिचा दंड धरला. "ताई, खरंच एवढी छान दिसायचे मी?"

"जबाब संपलाय माझा. हात सोड."

"सांग ना गं."

"जबाबाची नक्कल मिळेल ना, तिथे वाच."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. आईचा. "झालं का? धाकटीला दे."

"फोन माझा आहे आई."

"अगं हो, पण तिला दे."

ताईनं दिला. धाकटीचं बोलणं तिला कान न देताही ऐकू येत होतं. "झालं आई. दाखला मिळणार... हो, ताईनंच... काय सांगितलं? काय सांगणार, चुगल्या केल्या माझ्या. लहानपणापासूनच्या, एकूण एक." पलीकडे आई खदखदून हसली. हसताना दुखलं असावं, मध्येच कण्हलीही, पण हसायची थांबेना. आपल्यामुळे आई अशी कधी हसली होती, ते ताईला आठवेना. धाकटीनं फोन परत दिला, तेव्हा तो कट झालेला होता.

स्टॉपवर बस आली ती गच्च भरलेली. कंडक्टर ओळखीचा, ताईच्याच डेपोतला. धाकटीला पाहून त्यानं चटकन आपल्या सीटवरची पिशवी उचलली, जागा हातानं झाडली आणि अदबीनं म्हणाला, "बसा ना मॅडम." मग त्याचं लक्ष मागं उभ्या ताईकडे गेलं. "अरे, तुम्ही! ह्या तुमच्याबरोबर आहेत? कोण ह्या?"

"बहीण आहे माझी. पाठची," ताई म्हणाली, अख्ख्या बसला ऐकू जाईल अशी, आणि धाकटी टेकायच्या आत स्वतःच त्या जागेवर बसून मोकळी झाली.