एकच डोळा लाल

दारू पेणाऱ्याचे डोळे लाल होतात म्हणतात. होत असतीन. पण दारूनं एकच डोळा लाल होते काय, एवढं तरी कोणी इचारायचं होतं.

मी यवतमाळात शाळेचा ऑटो चालवत होतो. लोहाऱ्याकडची लेकरं सकाळी न्यायची, दुपारी घरी सोडायची. मानेतली गाठ काढायचं ऑपरेशन झालं, तवापासून माझा डावा डोळा लाल अन् पापणी अर्धी खाली. दिसत होतं चांगलं. पण लेकरांच्या आया माझ्या तोंडाचा वास घेऊन राह्यल्या होत्या.

आमचा बाप दारूनंच गेला. तवा मी अन् मोठ्या भावानं कळंबच्या चिंतामणीपुढं शपथ घेतली, का हिले शिवायचं नाही. ऑपरेशनच्या वक्ती उशाशी भाऊच बसला होता. म्हणून मी पेतो काय, असं आयांनी त्याले इचारलं तवा मी बिनघोर होतो.

तो म्हणाला, "घेते कधीमधी. समजावतो मी त्याले."

हे एका आईनं मले तोंडावर सांगतलं. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या जागी ऑटोवर भाऊ बसला. परका बोलला असता त भांडलो असतो. सख्खाच बोलला, त आतून पार तुटलो.

मी डोळ्याच्या डॉक्टरीणबाईकडे गेलो. बाईनं मान तपासली, पापणी उचलून पाह्यली. म्हणे, डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांले आवळायचा हुकूम मानेतून वर जाणारा एक मज्जातंतू देते. अशा ऑपरेशनात तो कधी कधी दुखावते. हुकूम बंद झाला का वाहिन्या सैल पडतात, रक्त जास्त भरते, डोळा लाल दिसते. पापणी वर धरायलेही तोच लागते. दारूचा संबंध नाही, असं बाईनं कागदावर लिहून देल्लं.

तसाच घरी आलो. भाऊ जेवत होता. कागद त्याच्या ताटाजवळ ठेवला. त्यानं हात धुतला, वाचला, घडी करून परत देल्ला.

"मले माहीत होतं, तू पेत नाही," म्हणाला.

"मंग काहून सांगतलं तसं?"

"दारू सुटते, बाबू. डोळ्यात बिघाड हाय म्हटलं असतं, त कोणी लेकरू बसवलं असतं काय? असं ऑटो तरी घरात राह्यला."

क्षणभर मलेही ते पटलं. म्हटलं, "बरं. मंग उद्या आयांले हा कागद दाखव. मी येतो ऑटोवर."

त्यानं ताट परत पुढं ओढलं.

"आता लेकरांले माझी सवय झाली," म्हणाला.