कपाट धरून उभा असलेला माणूस

महाडमध्ये माझं, म्हणजे सुहास सरांचं, घर विचारलंत तर कोणीही दाखवील, पण जरा हसून दाखवील. मी जन्मभर पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सुतारकाम हाती घेतलं. मी केलेला पहिला पाट डुलतो. दुसरा डुलत नाही, कारण तो मोडला.

यंदाचं काम मात्र गंभीर होतं. मोठा पूर येऊन गेला तेव्हापासून पावसाळा जवळ आला की माझ्या बायकोला, अनुपमाला, घास उतरत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पावसाळ्यापुरतं तरी टेकडीकडच्या वस्तीत भाड्याने राहू. हा विषय निघाला की मी उठतो आणि दूध आणायला जातो. आमच्या घरात दूध कधी कमी पडलेलं नाही.

यावर मी शास्त्रीय तोडगा काढला. भिंतीवर पुराची खूण अजून आहे, तिच्या वर टांगायचं प्लायवूडचं कपाट. कागदपत्रं, औषधं, तिच्या चांगल्या साड्या, सगळं वर. मोबाईलवर ज्यांच्याकडून मी सुतारकाम शिकतो त्या गुरुजींच्या मते खिळे मारणं कमीपणाचं. फेविकॉल लावायचा आणि क्लॅम्पने आवळायचं. फेविकॉल मी भरपूर आणला. क्लॅम्पवर कशाला खर्च करायचा, म्हणून सायकलची जुनी ट्यूब आवळली. ती सटकन तुटली आणि माझ्या कानफटात बसली. कपाटाच्या बाजू उघडायला लागल्या.

"अगं, लवकर ये, ही बाजू दाब!"

अनुपमा कणकेच्या हातांनीच आली. ती एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये कपाट. दोघं तळव्यांनी दाबून उभे राहिलो.

"किती वेळ?"

"सुकेपर्यंत."

तिने भिंतीवरच्या खुणेकडे बघितलं. मग म्हणाली, "हे वर टांगणार ना?"

"हो. पाणी तिथवर येणारच नाही."

"आणि मला कुठे टांगणार?"

मला लगेच दुधाची आठवण झाली. पण हात काढला असता तर कपाट गेलं असतं. इतक्या वर्षांत विषय निघूनही मी जागेवर राहिलो तो त्या दिवशीच.

"त्या पुरात तुम्ही पोलादपूरला अडकलात, रस्ता बंद, फोन बंद," ती कपाटाकडे बघत म्हणाली. "मी माळ्यावर होते. पाणी शिडीची एकेक पायरी चढत होतं. मी साडीने स्वतःला वाशाला बांधून घेतलं."

"बांधून? का?"

"बुडाले तरी वाहून जाऊ नये म्हणून. तुम्हाला शोधत फिरावं लागू नये."

माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता. विज्ञानाच्या मास्तराने पाण्याची उंची मोजली होती, कपाटाची उंची मोजली होती, आणि शेजारी झोपणारं माणूस कशाला घाबरतंय ते एकदाही विचारलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"उद्या जागा बघायला जाऊ," मी म्हणालो.

"उद्या तुम्ही दूध आणायला जाल."

तिचं बरोबर होतं. मी दोन्ही हात काढले. कपाटाच्या बाजू सावकाश उघडल्या, एक फळी जमिनीवर आडवी झाली. अनुपमा त्या फळीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"चपला घाल," मी म्हणालो.