पटावरचा अर्धा नियम

अण्णा गेले, असं नारायण फोनवर म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर खेकसलोच, असली थट्टा करतात का म्हणून. भर दुपार होती, मी के. आर. पुरमच्या कचेरीत, हातातलं पेन हातातच... इकडं कानडी मुलखात, शिवाजीनगरच्या आपल्या शिंपीदुकानात अण्णा मशीनवर बसल्या बसल्या गेले होते. वय जेमतेम बेचाळीस. नात्यानं कुणी नव्हते, पण मला थोरल्या भावासारखे. ताप नाही, दुखणं नाही. सहा आठवडे झाले, तरी माझं डोकं ते मानायला तयार नाही. माणूस असा जातो? कापायला घेतलेलं कापड तसंच टाकून?

एकोणीसशे पन्नासच्या सुमारास अण्णांनी दुकानातले उरलेले तुकडे जोडून एक पट शिवला. सोंगट्या आणि कवड्या नेहमीच्याच, पण खेळ त्यांचा स्वतःचा. त्यात प्रत्येकानं कुणीतरी व्हायचं. मी वैद्य, शेजारचा नारायण चोर आणि अण्णांची थोरली बहीण, म्हणजे आम्हा सगळ्यांचीच अक्का, घोडेवाली. तिघांनी वाटेतली संकटं पार करत देवनहळ्ळीच्या किल्ल्यात पोचायचं. अण्णा स्वतः पंच. पुढं काय आडवं आलं हे ते सांगणार, आम्ही कवड्या टाकणार. दर रविवारी दुपारी बसायचो, एकेक डाव वर्षानुवर्षं चालायचा.

नियम पटाच्या काठावर दोऱ्यानं शिवलेले असत. अण्णा आधी खडूनं लिहीत, मग त्यावरून सुई चालवीत. नियम बदलला की उसवायचा आणि त्याच्याखाली नवा घालायचा. उशिरा येणाऱ्याची पाळी जाते, असा एक होता. स्वयंपाक उरकेपर्यंत अक्काला दर वेळी उशीर, शेवटी एकदा ती कणकेच्या हातांनीच येऊन बसली, तेव्हा तो गेला. चोराला दोनदा कवड्या टाकायची मुभा होती. नारायण फारच माजला, म्हणून तीही गेली. पट उन्हात धरला की जुने नियम नुसत्या भोकांवरून वाचता यायचे.

एकच नियम पहिल्या दिवसापासून हलला नव्हता. मेलेला गडी डावाबाहेर.

गेल्या वर्षी, तीन वर्षं जपलेला माझा वैद्य किल्ल्याच्या दारातच साप चावून मेला. सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या. मी म्हणालो, "अण्णा, अक्कासाठी नियम बदलला, आता माझ्यासाठी बदला की."

"नाही रे बाबा. मेलेला परत येणार असेल, तर कवड्या टाकताना हात कशाला थरथरेल?"

"मग तुमचा खेळ तुम्हालाच लखलाभ," असं म्हणून मी चपला घातल्या. अक्का "स्वल्प थांब रे" करत दारापर्यंत आली. मी थांबलो नाही. पुढं सात महिने शिवाजीनगरला रोज बस बदलत होतो, पण त्या गल्लीत वळलो नाही. चाळिशीला टेकलेला माणूस एका सोंगटीसाठी रुसून बसला होता! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

फोन आला त्या दिवशी धावत गेलो, पण गर्दीत मागेच उभा राहिलो. तेराव्याला अक्कानं पट माझ्या मांडीवर ठेवला.

"बघ. जायच्या आदल्या रविवारी उसवत बसला होता. म्हटला, अर्धा शिवतो, वैद्य आला की विचारून पुरा करतो. त्याला सरी वाटायला पाहिजे की, पटायला पाहिजे."

त्या नियमाच्या जागी नुसती भोकं होती. खाली लाल दोऱ्यात दोनच शब्द, 'मेलेल्या गड्याला...' आणि पुढं टोचून ठेवलेली सुई. बाकीचं खडूनं लिहिलेलं असणार, घड्यांत पुसून गेलं होतं. मी पट खिडकीशी नेला, उजेडात तिरपा धरला, डोळे ताणून पाहिलं. एक अक्षर लागेना. काय मिळणार होतं मेलेल्या गड्याला? आणखी एक फेक? दुसरं नाव? की नुसतं शेजारी बसून बघायची परवानगी? तिथंच मला रडू फुटलं.

गेल्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा बसलो. पंचाची उशी भिंतीशी रिकामी होती. नारायणनं कवड्या काढल्या. अक्कानं सुईत नवा दोरा घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"आता तूच सांग. काय शिवू पुढं?"

"अण्णा आले की विचारू," मी म्हणून गेलो...

अक्कानं सुई होती तिथंच परत टोचली आणि पटाची घडी घातली.