जज्जसाहेबांचे पहिले वाक्य

वासुदेव काठोके यांचे गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी नागपूरच्या धंतोलीतील खासगी रुग्णालयात निधन झाले. वय चौऱ्याहत्तर. फुप्फुसांचे दुखणे जुने होते. त्यांच्या मुलीने मला फोनवर बातमी दिली आणि त्याच दमात विचारले, "काका, पेपरात काय छापून राहिले? ज्येष्ठ रंगकर्मी वगैरे नका लिहू. बाबाले चालत नव्हतं." दुसऱ्या दिवशी 'ज्येष्ठ रंगकर्मी' असेच छापून आले. वासुभाऊ स्वतःला फार्सवाला म्हणवत.

कोराडीच्या वीजकेंद्रात ते कंट्रोल रूममध्ये पाळीवर असत. नाटकाची सुरुवात तिथल्या कॉलनीच्या गणेशोत्सवात झाली. पुढे शहरातल्या हौशी नाट्यसंस्थेत आले आणि तिथे त्यांना पहिली भूमिका मिळाली ती घरगड्याची. दुसरीही घरगड्याचीच. कारण उघड होते. वासुभाऊ नागपुरी बोलत, आणि रंगमंचावर नागपुरी बोलतो तो गडी, हे तेव्हा नटांना आणि प्रेक्षकांनाही पटलेले होते. घरी सगळे तसेच बोलत, पण नाटकात कुणी 'मले' म्हटले की हसायचे असते, हे ठरून गेले होते. मी त्या संस्थेत प्रॉम्प्टर होतो. हशा चढत असताना वासुभाऊ पुढचे वाक्य टाकत नसत आणि तो पुरता विरूही देत नसत. हे कसे जमते, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "प्रेशरचा काटा खाली याले लागला का व्हॉल्व्ह खोलाचा. तेच काम हाये गा, तिकडं बी न इकडं बी."

'सासरे मुक्कामी' हा फार्स बसवायला घेतला तेव्हा गड्याची भूमिका त्यांच्यासाठी गृहीत धरलेली होती. वाचनाच्या दिवशी त्यांनी गड्याची पाने परत केली. नाटकात जावयाने एकच घर दोन बिऱ्हाडांना भाड्याने दिलेले असते आणि निवृत्त न्यायाधीश असलेला सासरा न कळवता येऊन बसतो. "मले सासरा द्या," वासुभाऊ म्हणाले. दिग्दर्शक हरकरे सर कॉलेजात शिकवत. ते म्हणाले, "वासुदेवराव, तो सिव्हिल लाइन्समधला जज्ज आहे. असा बोलेल का?" वासुभाऊ म्हणाले, "काहून नाई? जज्ज लोकं घरी वरण वाढून मागतात, ते कोनत्या भाषेत मागतात सर?" खोलीत हशा पिकला. हरकरे हसले नाहीत. त्यांनी अट घातली. पहिला प्रयोग कोराडीच्या कॉलनीत करायचा. लोक नाटकातल्या फजितीला हसले तर भूमिका वासुभाऊंची. बोलण्याला हसले तर ते पुन्हा गडी होतील. यानंतर गड्याशिवाय काही मागणार नाही, हेही त्यांच्याकडून कबूल करून घेतले. वासुभाऊंच्या पत्नी शकुंतलावैनींना हे कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "जज्ज व्हाले निघाले. घरी मिठाचा डबा कुठं हाये ते माईत नाई." वासुभाऊ म्हणाले, "जज्जाले बी माईत नसते वं."

कोराडीतल्या त्या प्रयोगात मी विंगेत होतो. काळा कोट, हातात काठी, डोळ्यांवर चष्मा अशा थाटात वासुभाऊ दारातून आले आणि पहिले वाक्य बोलले, "जावईबापू, दार उघडं काहून हाये?" वाक्यात विनोद नव्हता, तरी सगळे प्रेक्षागृह हसले. लोकांना समोर त्यांचा गडीच दिसत होता. समोरच्या विंगेत हरकरे सरांनी मान खाली घातली. वासुभाऊ पुढचे वाक्य बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने एक काच पुसली, मग दुसरी पुसली, चष्मा पुन्हा लावला आणि कोर्टात गोंगाट झाल्यावर न्यायाधीश बघतो तसे प्रेक्षकांकडे बघत राहिले... हसू कमी झाले, मग थांबले. समोर बसलेल्या त्यांच्याच पाळीतल्या माणसांनी खुर्चीवरचे पाय खाली घेतले. पूर्ण शांतता झाल्यावर त्यांनी तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हटले. जावई चळचळा कापत पुढे आला, आणि आता जो हशा आला तो जावयाच्या फजितीचा होता. हरकरे सर मागून फिरून माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ते चष्मा पुसणं लिहून घ्या. काढायचं नाही."

संहितेत ते आजही आहे. पुढे मुंबईच्या निर्मात्याने नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आणले, तेव्हा इतर नट बदलले, सासरा बदलला नाही. वासुभाऊंनी साठवून ठेवलेल्या रजा दौऱ्यांत गेल्या. राज्यभर जिथे जिथे प्रयोग झाले तिथे नाटक डोक्यावर घेतले गेले. पुण्यात पहिल्या वाक्याला सर्वांत मोठा हशा आला, त्यामुळे चष्माही सर्वांत जास्त वेळ पुसला गेला. प्रयोगानंतर एका गृहस्थाने आत येऊन विचारले, "ही भाषा तुम्ही कुठे शिकलात?" वासुभाऊ मेकअप उतरवत होते. "घरीच," ते म्हणाले. "तुमी?"

निवृत्तीनंतरही ते हीच भूमिका करत राहिले. टाळ्या, पुरस्कार, सत्कार झाले, पण पहिल्या वाक्याला कुठे ना कुठे हसू फुटायचेच. त्याबद्दल ते एकदाच बोलले, रुग्णालयात, नाकाला नळी असताना. "ते अजून हसून राहिले गा... ज्या दिवशी कोनी हसनार नाई, त्या दिवशी चष्मा पुसाचं काम नाई."

त्यांच्या जाण्यानंतर संस्थेने हुडकेश्वरच्या सभागृहात प्रयोग लावला. सासऱ्याची भूमिका दातांचे डॉक्टर निखिल वंजारी यांनी केली. प्रेक्षागृह भरलेले होते. शकुंतलावैनी आणि हरकरे सर पुढच्या रांगेत होते. वंजारी दारातून आले आणि तेच वाक्य तसेच नागपुरीत बोलले. कोणी हसले नाही. वंजारींनी चष्मा पुसला नाही. पहिला हशा जावई कपाटात शिरला तेव्हा आला.