तेम्योचं ऑपरेशन आणि गावचे तज्ज्ञ

लागुना तळ्याकाठच्या गावात तेम्यो बालुत विकायचा. बालुत म्हणजे आत पिल्लू धरलेलं, उकडलेलं बदकाचं अंडं. ते खाल्लं की पुरुषाचा घोडा होतो, असं गावातले सगळे पुरुष सांगत. त्यांच्या बायका मात्र या विषयावर गप्प असत.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तोच तेम्योच्या उजव्या वृषणात गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यानं तिच्याकडे अगदी मर्दासारखं दुर्लक्ष केलं. शेवटी बायकोनं, लिगायानं, त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर आहे, पण वेळेत आलात. उजवं काढून टाकू. डावं धडधाकट आहे, संसाराला तेवढं पुरतं. मूलबाळही होऊ शकतं."

तेम्योनं त्यातलं 'काढून टाकू' एवढंच ऐकलं.

ऑपरेशन झालं. गाव भेटीला आलं, सोबत केळी आणि सल्ले घेऊन. त्यात पोन्सिंग पुढे. तो गावची डुकरं खच्ची करायचा, म्हणजे या विषयातला तज्ज्ञच!

"मित्रा, आता मिशी गळेल," तो मायेनं म्हणाला. "आवाज बारीक होईल. अंगावर चरबी मात्र छान चढेल."

तेम्यो रोज आरशात मिशी तपासू लागला. उकाड्याचं निमित्त करून बाहेर बांबूच्या बाकावर झोपू लागला. ताकद यावी म्हणून स्वतःचेच बालुत हादडले, त्यानं फक्त पोट बिघडलं. एकदा धीर करून बायकोजवळ गेला, पण भीतीनंच गार पडला. पोन्सिंगचं खरं ठरलं म्हणायचं!

लिगाया भडकली. "पोन्सिंगनं तुला डुक्कर समजून सांगितलं, आणि तू डुकरासारखं ऐकलंस? ऊठ, चल."

दवाखान्यात लिगायानं पोन्सिंगचं भाकीत सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. सगळं ठाकठीक. "तो दोन्ही काढतो हो, मी एकच काढलंय," त्या म्हणाल्या. "बिघाड खाली नाही, वर डोक्यात आहे."

त्या दिवसापासून तेम्यो घरात झोपू लागला. लगेच जमलं नाही. पण आता जमलं नाही की दोघं हसायची, आणि हसता हसता एकदा जमलं.

पुढे लिगायाला दिवस गेले. गावानं आनंदानं बोटं मोजली आणि बाप कोण यावर चर्चासत्रं भरवली. पोन्सिंगनं तर 'अशक्य' असा निकालच दिला. मुलगी झाली. नाक बापाचं, चपटं. तरी दोनचार जणांनी पाद्रीबाबांच्या नाकाकडे निरखून पाहिलंच.

एके सकाळी पोन्सिंग मागच्या दारानं आला. बराच वेळ पोरीचं कौतुक केलं, मग पुटपुटला, "ती डॉक्टरीण... कुठं बसते रे? माझ्याही, म्हणजे, जरा गाठ लागतेय."

तेम्योच्या जिभेवर मिशीची चौकशी आली होती. पण पोन्सिंगनं पुन्हा पोरीचं कौतुक सुरू केलं. तेम्योनं पोरीला लिगायाकडे दिलं आणि म्हणाला, "चल, मी येतो सोबत."